पाठकोऱ्या चिठ्ठ्या

४ मे, शनिवार

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. तिघंही सुखरूप पोहोचलात हे परवा फोनवर कळलं, बरं वाटलं. त्याच फोनवर तू तीनदा विचारलंस, दवाखान्याचे कागद काकांना दिलेत ना म्हणून. एकच गोष्ट तीनदा विचारली की माणसाला वाटतं, आपण एकदाही खरं बोलत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडतात, शिवाय फोनवर तू ऐकतेस कमी.

सहा वर्षांत पहिल्यांदाच दवाखाना सोडून गेलीस, माझी काही तक्रार नाही. तुझी तब्येत उतरली होती हे मलाही दिसत होतं. पंधरा दिवस जरा सढळच झाले, पण आता गेलीच आहेस तर नीट राहा.

काका पावणेदहालाच हजर असतात. स्वतःच्या दवाखान्याला टाळं लावून त्यांना चार वर्षं झाली, तेव्हापासून सकाळी उठून जायचं कुठे हाच त्या बिचाऱ्यांना प्रश्न होता. तू बदली डॉक्टर म्हणून बोलावलंस तर नवा शर्ट शिवून घेतला त्यांनी. तुझी खुर्ची त्यांना ठेंगणी होते, मी जुनी दुलई घडी करून दिली आहे. नाडी बघताना डोळे मिटतात. पेशंटांना वाटतं विचार करतायत, मला वाटतं डुलकी लागते. पण माणूस साधा. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर लागत नाही, एवढीच अडचण.

आणि तू लिहून ठेवलेली तीन पानं म्हणजे मुंग्यांची रांग. तीही एकाच बाजूला लिहिलेली, मागची बाजू कोरी, जसं काही आपलं कागदाचं दुकान आहे. ती काकांना वाचता येईनात. मग मी दोन दिवस बसून एकवीस पेशंटांच्या एकवीस चिठ्ठ्या केल्या, मोठ्या अक्षरात. नवा कागद एकही लागला नाही. बिस्किटांच्या डब्यात नावांच्या क्रमानं लावून डबा टेबलावर ठेवला आहे. मॅट्रिकला इंग्रजीत मला पासष्ट मार्क होते, हे तू विसरतेस. औषधाच्या नावात एक अक्षर चुकलेलं नाही.

चौकातल्या कुलूपवाल्या मामांच्या नावाखाली तू दोन रेघा ओढल्यास, त्याही पाहिल्या. हृदयातली झडप बदललेला माणूस, रक्त पातळ करायची गोळी, हिरडीतून किंवा नाकातून रक्त आलं तर दिवस असो रात्र असो मला फोन करा. वाचलं आहे. काल मामी किल्लीच्या जुडग्यासारखी खुळखुळत आली नि म्हणाली, डॉक्टरीणबाई दिसत नाहीत? मी म्हटलं, हवा खायला गेल्यात. तर म्हणते, जाऊ द्या की, त्यांनाही फुप्फुसं आहेत. बाई तोंडाची फटकळ, पण तुझ्या बाजूची.

ठकीला पाण्याजवळ जाऊ देऊ नकोस. रोज झोपताना तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घे. तुझ्या नवऱ्याला गार हवा बाधते.

आई


८ मे, बुधवार

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. दवाखाना छान चालला आहे, इतका की तुझ्या कानावर न घातलेलंच बरं. लोक म्हणतात, काका बसवून विचारपूस करतात, डॉक्टरीणबाईंचं लक्ष घड्याळाकडे असतं. मी म्हटलं, तिला एक मूल आहे, नवरा आहे. तर समोरची शिक्षिका म्हणाली, 'आणि सासू आहे ना सगळं करायला.' आपल्या तोंडानं आपलं कशाला सांगायचं.

काल सकाळच्या टपालानं तुझ्या नावाचं लांब पाकीट आलं. डिंक चांगला लागला नव्हता, हातात घेताच उघडलं. उघडलंच होतं म्हणून वाचलं. दोनशे खाटांचं रुग्णालय, १ ऑगस्टपासून रुजू व्हायचं, वर राहायला तीन खोल्या, मुलीच्या शाळेची सोय. शेवटी लिहिलंय, आपण जागा समक्ष पाहून पसंत केल्याचं कळवलंत, आनंद झाला. म्हणजे हवा खाता खाता घरही बघून झालं.

तीन खोल्या. मी बोटांवर मोजून पाहिल्या. तुमच्या दोघांची एक, ठकीची एक, आणि बसायउठायला एक. मोजणी बरोबर आली, कोणी उरलं नाही.

मला राग आलेला नाही. पाकीट तुझ्या कपाटात ठेवलं आहे. त्यानंतर अंघोळ करून दोन तास जप केला. म्हणून दवाखान्यात उतरायला काल थोडा उशीर झाला.

खाली गेले तर मामा त्यांची महिन्याची गोळी न्यायला येऊन बसले होते. गोळीवरून काकांशी काहीतरी कुरकुर चालली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, 'वहिनी, तुम्ही सांगा की.' आता डॉक्टर आणि पेशंट यांच्या मध्ये बाईमाणसानं कशाला पडायचं. मी म्हटलं, काका सांगतात तसं करा. गेले बिचारे. माजघराच्या कपाटाची किल्ली अडकते म्हटल्यावर जाता जाता कानशीनं घासून दिली, पैसे घेतले नाहीत.

तुझ्या नवऱ्याला या तीन खोल्यांचं माहीत आहे का, एवढं कळव.

आई


१३ मे, सोमवार

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्याला माहीत आहे, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे, आल्यावर समोर बसून बोलू. बोलू. मी कुठे जाते आहे.

गॅलरीतल्या कुंड्यांना दोन वेळा पाणी घालते. ठकीच्या गणवेशाची शिवण उसवली होती, ती टाचली. तिच्या शाळेतून पुढच्या वर्षीची पुस्तकं घेऊन जा म्हणून निरोप होता, जाऊन घेतली. आपल्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातली. तिकडच्या शाळेत चालणार नसतील तर काढून टाकता येतील.

काकांना सर्दी झाली आहे, तरी येतात. शनिवारी मामींनी निरोप पाठवला होता की मामांच्या हिरड्यांतून रक्त येतंय. काकांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं. काल नाकातून आलं. आज सकाळी दुकानात चावी घासताना हातातली कानस गळून पडली, जीभ जड झाली, दोघांतिघांनी उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मामी बरोबर आहे.

फोन करणार होते. शनिवारीच करणार होते. हातात घेतलाही होता. मग मनात आलं, तू नव्या खोल्यांची मापं घेत असशील, पडदे किती लागतील ते बघत असशील, कशाला तुझा जीव वर-खाली करायचा. काकांनीही विचारलं, डॉक्टरीणबाईंना कळवूया का. मी म्हटलं, ती विश्रांतीला गेली आहे, तिला त्रास द्यायचा नाही असं बजावून गेली आहे. पत्र दोन दिवसांत पोहोचतंच.

शुक्रवारपर्यंत येताच आहात. मामांसाठी मी देवापुढे दिवा लावला आहे. तुझी श्रद्धा नाही, तरी तूही हात जोड.

आई


२ जुलै, मंगळवार

चि. सौ. सूनबाईस,

तुझ्या भावजयीच्या हाती पत्र पडलं तरी ती फोडणार नाही अशा बेतानं पाकीट चिकटवलं आहे. दोन खोल्यांत तुझा भाऊ, भावजय, त्यांची मुलं आणि आता तू. ती बाई तोंडानं गोड बोलत असेल, पण पंधरा दिवस झाले की पाहुण्याचं ताट आपोआप लहान होतं. अनुभवाचं सांगते, मीही एके काळी भावाकडे राहिले आहे.

मामांच्या मृत्यूच्या चौकशी समितीच्या निकालाचा कागद इकडच्या पत्त्यावर आला. तुला मिळालाच असेल. दोन वर्षं परवाना स्थगित. त्या दोनशे खाटांच्या रुग्णालयाचंही पत्र आलं, दोनच ओळींचं. तेही तुझ्या कपाटात ठेवलं आहे, आधीच्या शेजारी.

समितीपुढे मी खोटं बोलले असं तू लिहितेस. शब्द जपून वापरावा. माझं ४ मेचं पत्र तू त्यांना दाखवलंस, सासूनंच चिठ्ठ्या उतरवल्या म्हणून. त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, काही उतरवल्या, कुलूपवाल्यांची मात्र सुनेच्याच हातची तयार होती, तीच दिली. मी अर्धशिकलेली बाई, औषधातलं मला काय कळतं. तू तिकडून म्हणालीस, यांना इंग्रजी येतं, पासष्ट मार्क होते. समितीतली बाई हसली. तिलाही सासू असेल.

काकांनी जे पाहिलं तेच सांगितलं. दवाखान्याची चिठ्ठी, खाली तुझी सही, रोज दीड गोळी. सही ओळखली म्हणून दीड दिली, असं म्हणताना रडले. मामीनं सांगितलं की माझा नवरा वर्षभर अर्धीच घेत होता, या महिन्यात दीड सांगितली तेव्हा तो कुरकुरला होता. समितीवाले म्हणाले, कागद दाखवा. मामांनी येताना आणलेली मागच्या महिन्याची चिठ्ठी काकांनी न वाचताच माझ्याकडे जुन्या चिठ्ठ्यांच्या तारेला लावायला दिली होती. तारेवर सापडली नाही. तुझी ती मुंग्यांची तीन पानंही सापडली नाहीत. पाठकोरी होती, वाणसामानाची यादी करून वाण्याकडे गेली असणार. तुला इतकी वर्षं सांगत होते, दोन्ही बाजूंना लिहावं.

मग तूच दीड लिहिलीस असं सगळ्यांनी धरलं. हवा खायला जायच्या घाईत खरडलंस, असं मामी आपल्या दारात उभी राहून म्हणाली. तिचं दुःख मोठं आहे. मी तिला आत घेतलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. ती तुला काय काय बोलली ते लिहीत नाही. मी तिला थांबवलंही नाही, दुःखात माणसाला बोलू द्यावं.

आता तू लिहितेस की दवाखान्याची ती नोंदवही एकदा हातात द्या, मामांची चिठ्ठी मला स्वतःला बघायची आहे. वही कपाटात आहे. समितीनं पाहून परत दिली, आता ती बघून काय मिळणार. चिठ्ठी वहीत चिकटवलेली आहे. दर महिनाअखेरीस मी चिठ्ठ्या वहीत चिकटवतेच, तुला माहीत आहे.

ठकी बरी आहे. शाळा इथली आहे, तिला मध्येच हलवणं बरं नाही असं तुझ्या नवऱ्याचंही म्हणणं पडलं.

आई


२१ जुलै, रविवार

सूनबाईस,

तुझं पत्र वाचलं. या वेळी 'ती. आई' असंही लिहिलं नाहीस. असू दे.

तू हुशार आहेस, हे मी कधी नाकारलं नाही. मामा बुधवारी १५ तारखेला गेले, तुम्ही त्याच संध्याकाळी आलात, आणि समितीचा माणूस १८ तारखेला वही घेऊन गेला. मग महिनाअखेरीस चिकटवायची चिठ्ठी १८ तारखेच्या आत वहीत कशी, हे तू बरोबर पकडलंस. बाकी वीस चिठ्ठ्या कुठे आहेत, तेही विचारलंस. त्या पाणी तापवायला लागल्या.

वकिलाकडून वही मागवशील, पान पाण्यात भिजवून चिठ्ठी सोडवायला लावशील, असं लिहितेस. इतका खर्च कशाला. पाठीमागे काय आहे ते मीच सांगते.

पेशंट जुन्या चिठ्ठ्या परत आणून देतात, वहीत मावल्या नाहीत त्या मी तारेला ओवून ठेवत होते. तुझ्या तीन पानांवरचं उतरवायला मी ज्याची त्याची जुनी चिठ्ठी घेतली आणि तिच्याच पाठकोऱ्या बाजूला लिहिलं. एका माणसाचा कागद दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. देवाशपथ सांगते, यात वाईट हेतू नव्हता, उलट मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. डब्यात मावेनात म्हणून छापील पत्त्याची नि तारखेची वरची पट्टी कातरली, पेशंटचं नाव आणि तुझी सही राहिली. मामांची हाताला लागली ती दोन वर्षांपूर्वीची होती. पुढे तुझ्या अक्षरात दीड, चिठ्ठ्यांवर तू मोठं लिहितेस तसं; मागे माझ्या अक्षरात अर्धी. काकांनी उलटून पाहिलंच नाही. या घरातल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर माझा किराणा असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्यांनी सगळ्याच पेशंटांच्या पुढच्याच बाजू वाचल्या. बाकीच्यांची औषधं बदललेली नव्हती, म्हणून निभावलं.

मामा म्हणाले होते, 'वहिनी, तुम्ही सांगा की, बाईंनी अर्धी केलीय ना?' मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं. हात पुढे करून चिठ्ठी उलटी करायची, एवढंच काम होतं. पण दोन-तीन तासांपूर्वीच मी ते लांब पाकीट वाचलं होतं. मला वाटलं, होऊ दे तिच्या दवाखान्यात थोडा गोंधळ. परत आल्यावर निस्तरेल, लोक चार शब्द बोलतील, बाहेर जायची हौस फिटेल. माणूस मरेल असं वाटलं नव्हतं. हे मी देवाला रोज सांगते. तो ऐकतो की नाही, हा त्याचा आणि माझा प्रश्न आहे.

वर तू लिहिलंस की, 'एक ना एक दिवस तुमचा मुलगाच तुम्हाला हे विचारेल, तेव्हा त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघाल?' ते वाचून तुझी कीव आली. म्हणून हे पत्र.

तो विचारणार नाही.

१६ तारखेच्या दुपारी तू मामींकडे गेली होतीस. तिनं तुला दारातून परत पाठवलं आणि तू बराच वेळ चौकातच उभी होतीस, असं नंतर कोणीतरी सांगितलं. त्या वेळी तुझा नवरा माझ्यासमोर जेवायच्या टेबलाशी बसला होता. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, हे असं झालं आहे, तू सांगशील तसं करते. म्हणालास तर आत्ता उठून समितीच्या कचेरीत जाते नि सगळं सांगते. जे होईल ते होईल, माझं वय झालंच आहे.

त्यानं पुढची बाजू वाचली, मग मागची वाचली. परत पुढची. मग म्हणाला, तिकडे जायचं मला कधीच नव्हतं. तीन खोल्या बघताना मी मान हलवत होतो, कारण ती खूश होती. तुला हे तो तोंडावर सांगू शकला नाही. मला सांगू शकला. लहानपणापासून त्याचं असंच आहे, शाळेतली मार्कांची वहीसुद्धा माझ्याच हातात द्यायचा, बापाच्या नाही.

डिंकाची बाटली त्यानंच कपाटातून काढून आणली. मी वही उघडली, पान सपाट केलं आणि विचारलं, 'कुठली बाजू वर ठेवू?'

तो म्हणाला, 'सहीची.'

कडा वर येऊ नयेत म्हणून फूटपट्टीनं दाबली, तीही त्यानंच.

आता हे पत्र वकिलाला दाखव, समितीला दाखव, मामीच्या दुकानाच्या दारावर लाव. मी नाही म्हणणार नाही. मी म्हातारी आहे, मला आत घातलं तर दोन वेळचं शिजवायचं वाचेल. पण माझ्याबरोबर ठकीचा बाप येईल, आणि आपल्या बापाला कोणी नेलं, हे ठकी मोठी झाल्यावर वाचेलच. तिला वाचता यायला लागलं आहे. काल तिनं वाण्याची अख्खी यादी वाचून दाखवली.

परत यायचं असेल तर ये. दवाखान्याच्या खोलीला भाडेकरू मिळाला आहे, वर स्वयंपाकघरात हाताखाली माणूस लागतंच. येणार नसशील तर तसं कळव, म्हणजे ठकीला काय सांगायचं ते आम्हाला ठरवता येईल. सध्या ती विचारते तेव्हा आम्ही म्हणतो, आई सुट्टीवर गेली आहे.

तुला सद्बुद्धी मिळावी म्हणून रोज एक माळ जास्त ओढते.

आई